कोरा चहा

मंगळवार, १२ मार्च २०१३

सकाळी पाळकसाहेबांचा केजहून फोन आला. मिझोराम नावाच्या राज्यातून सात तरुण मुलंमुली सेवेसाठी येणार, ईस्टरपर्यंत राहणार, आणि राहणार ती आमच्याच गावात. मी म्हटलं, "साहेब, इथं आम्हीच टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलोय. सात जणांना प्यायला काय देऊ?" तर म्हणाले, "सत्यभामाबाई, देव पुरवील."

देव पुरवतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तो पुरवतो तेव्हा घागर घेऊन रांगेत मलाच उभं राहावं लागतं.

मनकर्णाच्या शाळेतला नकाशा ट्रंकेत होता. लेक लग्न होऊन औरंगाबादला गेली, नकाशा राहिला. त्यात मिझोराम पाहिलं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, पदराच्या गाठीसारखं. एवढ्या लांबून येण्याच्या भाड्यात गावात किती टँकर आले असते, हा विचार प्रार्थनेला बसले तरी डोक्यातून जाईना. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर हिशेब लिहिले की असं होतं. प्रभू, क्षमा कर. पण विचार चुकीचा आहे असंही मला वाटत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या महिला दूध संस्थेचे रोज दोन कॅन भरतात, म्हणून दुधाची गाडी फाट्यावरून गावात वळते. भाकड जनावरं सरकारच्या चारा छावणीत गेली, दुभती घरी आहेत, पण वाळका कडबा खाऊन ती देणार किती? दुसऱ्या कॅनमधलं दूध रोज गळ्यापासून खाली उतरतंय. मी सचिव आहे. काडी घालून पाहते आणि कुणाला काही बोलत नाही.

सोमवार, १८ मार्च

आली. जीपमधून उतरली तेव्हा अर्धा गाव जमला होता. बारीक डोळे, गोरीपान तोंडं, पाठीवर केवढ्या पिशव्या. आमच्या संस्थेतली छबुबाई मोठ्यानेच म्हणाली, "स्वेटर इकायला आलेत का गं? मार्च म्हैन्यात?" सगळे हसले. त्यांना काही कळलं नाही, तेही हसले.

त्यांचे पुढारी रुआता म्हणून आहेत, तिशीतले असतील. हिंदी बोलतात, पण आमच्यापेक्षाही वाईट. त्यामुळे जमेल. सगळ्यात लहान मुलीचं नाव लालरिनपुई. माझ्या जिभेला वळेना, म्हणून तिनेच सांगितलं, "आंटी, पुई बोलो."

आमच्या मोरी गाईचं सकाळचं सगळं दूध पाहुण्यांसाठी ठेवलं होतं. आलं ठेचून दाट चहा केला. सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले. पुईने तर कपाच्या कडेची साय बोटाने पुसून चाटली. उपाशी असतील बिचारी. प्रवास लांबचा.

मोरीचं दूध घरी राहिलं, म्हणून आज दुसरा कॅन चांगलाच उणा राहिला.

बुधवार, २० मार्च

मुलांनी चर्चला रंग द्यायला घेतला आहे. पुण्याहून आणलेला आकाशी डिस्टेंपर. रंगात पाणी लागतं, ब्रश धुवायला पाणी लागतं, आणि भिंत आधी ओली करावी लागते म्हणे. आमचे हे त्यांना बादल्या भरून देत होते. मी उभ्याने बादल्या मोजत राहिले.

तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षीण केसरबाई तिथून चालल्या होत्या. थांबल्या. "सत्यभामे, तुज्या देवाला नेमकं आत्ताच रंगायचं सुचलं व्हय? आमचा मारुती बघ, आंगुळीबिगर बसलाय बिचारा."

हसले. घरी येऊन थोडी रडले.

सकाळचं लिहायचं राहिलं. संकलनाच्या वेळी पुई माझ्याबरोबर आली होती. दूधगाडीवाल्या वाहेदने गाडी उभी केली, कॅनमध्ये काडी बुडवली आणि तोंड वाकडं केलं. "काकू, डेअरीच्या साहेबांचा हुकूम हाय. दोन कॅन गळ्यापर्यंत भरले तरच गाडी आत घालायची. डिझेल काय माज्या बापाचं हाय? पाडव्यापर्यंत मी कसंबी निभावतो. पाडव्याला कमी पडलं, तर दुसऱ्या दिवसापास्नं फाट्यावरनं सरळ केजला."

पुईने मला विचारलं, "आंटी, वो क्या बोला?" मी जमेल तसं सांगितलं. गाडी बंद, मग संस्था बंद. फिर सब लोग भैंस बेच देंगे, छबुबाई पहले. ती कॅनवर वाकून बराच वेळ पाहत राहिली. आम्ही विहिरीत पाहतो तशी.

संध्याकाळी एक विचित्रच प्रकार. मी चहा ओतायला गेले तर सातही जणांनी कपावर हात ठेवले. रुआता म्हणाले, "आंटी, हमारे यहाँ लाल चाय पीते हैं. दूध से पेट खराब होता है." मला कानकोंडं झालं. आमच्या गावात कोरा चहा म्हणजे मयताच्या घरचा, नाहीतर पार खंक झालेल्याचा. पाहुण्याला कोरा चहा दिला तर गाव सात पिढ्या नाव ठेवील. पण ऐकेनातच. पहिल्या दिवशी संकोचाने प्यायली असणार. मी दार लोटून घेतलं आणि कोरा चहा केला.

गुरुवार, २१ मार्च

दार लोटून काय उपयोग! सकाळी सातही जण कप घेऊन ओट्यावर जाऊन बसले, ओळीने, सगळ्या गावाला दिसतील असे. समोरच्या आमिनाबी ओरडल्या, "अगे सत्यभामा, मेहमानांना कोरी चाय? मोरीचं दूध आटलं का काय?"

मी इथूनच ओरडले, "त्यांना तशीच लागते!"

"अल्ला! कसली माणसं म्हणावं."

मोरीचं दूध कॅनमध्ये ओतलं. दुसरा कॅन गळ्याला लागला. वाहेदने काडीच घातली नाही.

शुक्रवार, २२ मार्च

पुई सैपाकात मदत करते. भात टाकायच्या आधी तिने निवडलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या वाटीत ठेवली. मला वाटलं पाखरांना. दुपारी पुन्हा. मग मी विचारलं.

तिच्या मोडक्या हिंदीतून मला कळलं ते असं. त्यांच्या डोंगरात प्रत्येक घरी बाई चूल पेटवली की आधी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी काढून ठेवते. सकाळी एक, संध्याकाळी एक. श्रीमंत असो की विधवा, मूठ सारखीच. आठवड्याने चर्चच्या बाया पोतं घेऊन दारोदार फिरतात, ते तांदूळ विकतात. "हम लोग का टिकट वही है, आंटी. मेरी माँ का मुट्ठी भी है उसमें."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी ज्या भाड्याचे टँकर मोजत होते, ते भाडं कुण्या बायांच्या पातेल्यातून आलं होतं. सातजण तांदळाच्या मुठींवर बसून देश ओलांडून आले होते.

तरीही मनात आलंच. त्या मुठींचं इथं येऊन काय झालं? अर्धी भिंत निळी झाली.

दुपारी पुईच्या केसांना तेल लावलं. धुळीने दोरखंड झाले होते. मनकर्णाचे असेच दाट होते. वेणी घालताना तिने तिच्या गावचं सांगितलं. तिथे पावसाळ्यात धुकं दारातून आत येतं, खाटेखाली बसतं, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. पत्र्यावरचं पाणी पन्हाळीने टाकीत धरतात आणि वर्षभर तेच पितात. मी म्हटलं, "धुकं घरात येतं म्हणजे कसं?" तिने दाखवलं. उठून हळूहळू, पाय न वाजवता, दारातून चुलीपर्यंत चालत आली.

रविवार, २४ मार्च. झावळ्यांचा रविवार

पहाटे स्वप्न पडलं. माझ्या सैपाकघरात धुकं आलं होतं. पाहुण्यासारखं उंबऱ्यावर थांबलं, मग आत आलं, मांडणीवरून फिरलं, एकेक भांडं पुसून ठेवलं. शेवटी दुधाच्या कॅनजवळ बसलं आणि मला म्हणालं, "भरला का?" जागी झाले तेव्हा तोंडाला गारवा होता. कोरड्या विहिरीवरून आलेलं वारं असेल.

झावळ्या कुठून आणणार? ओढ्याकाठच्या शिंद्या वाळून कोळ झाल्या. निंबाचे डहाळे घेऊन मिरवणूक काढली. आमची चार ख्रिस्ती घरं आणि हे सात जण, एवढीच मिरवणूक. पण मारुतीच्या पारापर्यंत गेलो तेव्हा मागे वीसेक पोरं होती. त्यांच्या भाषेतलं गाणं. एकही शब्द कळत नव्हता. ते चार सुरांत गातात, एकमेकांत गुंफून, जणू चार वाटांनी चार जणी आल्या आणि एकाच पाणवठ्यावर भेटल्या. टँकरच्या रांगेतल्या बाया भांडायच्या थांबल्या. केसरबाईंनी घागर खाली ठेवली. उन्हाने रस्ता हलत होता, आणि त्या हलत्या रस्त्यावरून सात गोरी तोंडं गात गात चालली होती. खरंच चालली होती की मलाच तसं दिसत होतं, कोण जाणे.

डहाळे वाया गेले नाहीत. उपासनेनंतर शेळ्यांना टाकले.

आणि एक. रुआतांनी आजपासून रंगकाम बंद केलं. काल पुईने सगळ्यांना टँकरच्या रांगेत नेऊन उभं केलं होतं, भर दुपारी. परत आल्यावर त्यांनी ब्रश कोरडेच पुसून ठेवले. चर्चची पूर्वेची भिंत खिडकीपर्यंत निळी आणि पुढे तशीच मातकट राहिली आहे. पाळकसाहेब म्हणाले, "अर्धवट दिसतं." मला ते आवडलं. आभाळ यायला लागलंय आणि मध्येच थांबलंय, असं दिसतं.

शुक्रवार, २९ मार्च. उत्तम शुक्रवार

उपास. मुलं रोज सकाळी दूध काढायला घरोघर जातात, कडबा तोडतात, शेण काढतात. छबुबाईची म्हैस पुईला लाथ मारत नाही, मला मारते. कॅन भरतात. आज फार लिहवत नाही.

रविवार, ३१ मार्च. ईस्टर

"प्रभू उठला आहे!" म्हणून पहाटे दारोदार गेलो. आमिनाबींनी खिडकीतूनच विचारलं, "कोण उठलं गे?" मी सांगितलं. म्हणाल्या, "अच्छा हुआ. मला बी उठवलंस."

दुपारी गेली मुलं. पुईने वाटीतले तांदूळ माझ्या पदरात ओतले. रोजच्या मुठी. म्हणाली, "आंटी, ये इधर का काम के लिए." मी तिला काय दिलं? मनकर्णाची एक रिबीन. जीप फाट्याकडे वळली तेव्हा त्यांनी गाणं सुरू केलं होतं. धुरळा बसला, तरी ते ऐकू येत होतं असं मला बराच वेळ वाटत राहिलं.

सोमवार, १ एप्रिल

हे त्यांना केजच्या स्टँडवर सोडून आले. सांगत होते, टपरीवर पोरांनी मलई मारके चहा घेतला, पुईने तर दोन ग्लास.

प्रवासात मिळेल ते प्यावं लागतं.

घर फार मोठं वाटतंय.

शनिवार, ६ एप्रिल

दुसरा कॅन पुन्हा गळ्याखाली. मुलं होती तोवर जनावरांना वेळेवर वैरण मिळत होती, धारा नीट निघत होत्या. शिवाय संस्थेतल्या एकीच्या दोन म्हशी तिच्या चौसाळ्याच्या सोयऱ्यांनी नेल्या. मी मोरीचं सगळं दूध घालते, तरी भागत नाही. वाहेदने आज काडी माझ्यासमोर धरली आणि दूध कुठवर लागलं ते बोटाने दाखवलं.

संध्याकाळी केसरबाई हळूच म्हणाल्या, "एक तांब्या वततीस का वरनं? पाडवा निभंल."

"पाणी?"

"न्हाई तर काय तूप?"

"केसरबाई, पाणी तरी कुठं फुकट हाय?"

दोघी हसलो. मी पाणी घालणार नाही हे त्यांना माहीत आहे. पण आज पहिल्यांदा मला वाटलं, माझा खरेपणा छबुबाईला परवडणारा आहे का? संस्था बुडली तर मला फक्त सचिव म्हणणार नाहीत. तिची म्हैस जाईल. पोरींची शाळा त्या म्हशीवर आहे.

मंगळवार, ९ एप्रिल

केसरबाई दुपारी घरी आल्या. बोलावल्याशिवाय कधी येत नाहीत. मला वाटलं पाण्याच्या तांब्याचंच पुन्हा काढतात. चहा ठेवायला उठले आणि लक्षात आलं, घरात दुधाचा थेंब नाही. मुलं गेल्यापासून आम्ही दोघं कोराच पितो. सवय लागली, आणि खरं सांगायचं तर तो प्यायला की ओट्यावर सात जण बसलेत असं वाटतं.

अध्यक्षीणबाईंना कोरा चहा! गूळ जरा जास्त घातला आणि कप पुढे ठेवून म्हटलं, "मिझोरामचा चहा आहे. पाहुणे हाच प्यायचे."

केसरबाईंनी कपात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ती पोरं दूध पीत न्हवती?"

"छे! त्यांच्याकडं लाल चहाच. दुधाने पोट बिघडतं त्यांचं."

"आल्या दिवशी बी?"

"आल्या दिवशी घेतला, दोन-दोन कप. संकोचाने."

"आन् बंद कवापास्नं केला?"

मी आठवून सांगितलं. वाहेदने काडी घातली, पुई कॅनवर वाकली, त्याच संध्याकाळी. केसरबाई कप हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग हसायला लागल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले. "सत्यभामे, तू लई शिकलीस गं बाई. लई म्हंजे लईच." मला कळेना यात रडण्यासारखं काय आहे. त्यांनी घटाघटा चहा संपवला. "वत आनखी."

जाताना उंबऱ्यावर थांबल्या. "पाडव्याला समद्या जणींना माज्या वाड्यावर बोलीव. चहाला."

गुरुवार, ११ एप्रिल. पाडवा

आज ना उद्या लिहीन म्हणून ठेवलं तर विसरेन, म्हणून आत्ताच लिहिते.

पाडव्याला कॅन भरणं अशक्यच, हे मला आधीपासून माहीत होतं. सणाचा दिवस. प्रत्येक घरी खीर, बासुंदी, नाहीतर निदान पोरांना पेलाभर दूध. वाहेदने नेमका हाच दिवस का धरला, देव जाणे.

सकाळी केसरबाईंच्या दारात गुढी उभी. खाली सगळ्या जणी, सणाची लुगडी नेसून. केसरबाईंच्या सुनेने तबकातून चहा आणला. कोरा. क्षणभर कुणी हात पुढे करेना. छबुबाईच्या तोंडाकडे मी पाहिलं, तिला वाटलं असेल तिचीच चेष्टा चाललीय. तिच्या घरी महिनाभर हाच चहा, दार लावून.

केसरबाई म्हणाल्या, "ह्यो पाव्हण्यांचा चहा हाय. देशाच्या टोकाकडनं आल्याली, शिकली-सवरल्याली पोरं ह्योच प्यायची, भर वट्यावर बसून. आजपास्नं माज्या घरात ह्योच. ज्याला दुधाचा पायजे त्यानं दुसऱ्या गावाला सोयरीक करावी."

जानकीबाई म्हणाली, "आन् व्याही आला तर?"

"व्याह्याला तर आधी!"

"जावई?"

"जावयाला गूळ जादा घाल."

मग जे हसू फुटलं, गुढीवरचा गडू हलला असेल. छबुबाईने सगळ्यांत आधी कप उचलला आणि चारचौघींत, मान वर करून प्यायली. आमिनाबी समोरून आल्या. "मला बी दे गे. माज्या घरी तर कवापासनं हीच. मी म्हणत न्हवते कुणाला."

"मी बी न्हवते म्हणत," जानकीबाई म्हणाली. कुणीतरी मागून म्हणालं, "मी बी."

मग एकेक जण घरी गेली आणि परत आली. कुणाच्या तांब्यात, कुणाच्या पेल्यात, एकीच्या तर वाटीत. चहाचं दूध. एकेका घरचं ते मूठभरच. मी माप न लावताच ओतत गेले, पहिल्यांदाच. दूध कॅनमध्ये चढताना आवाज बदलत जातो, आधी खोल, मग जवळचा. डोळे मिटून ऐकत होते. पन्हाळीवरून टाकीत पाणी पडत असेल तर असंच वाजत असेल.

वाहेदने झाकण काढलं. काडी बाजूला ठेवली. "काकू, गळ्याच्या वर हाय. सांडंल." मग हळूच, "चहा हाय का?"

रविवार, १४ एप्रिल

गाडी येते आहे. रोज.

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. मिशनच्या मंडळाला कळवायचं आहे, म्हणाले, मुलांच्या येण्याचा काय उपयोग झाला. पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही ते ठरवतील. "तुमचा हिशेब चोख असतो, तुम्हीच सांगा."

मी विचार केला. बोअर घेतला नाही. दवाखाना काढला नाही. कुणी नवीन आमच्या मंडळीत आलं नाही. भिंत अर्धी राहिली, ती आता पुढच्या पावसाळ्यानंतरच. एक गाणं राहिलं, ज्याचे शब्द कुणालाच येत नाहीत, पण टँकरच्या रांगेत कधीकधी कुणीतरी गुणगुणतं. परवा केसरबाईच गुणगुणत होत्या.

"आणि चहा," मी म्हटलं.

साहेबांना वाटलं मी चहाला बोलावते आहे. आले. कोरा दिला. नाक मुरडलं, मग प्यायले.

आज पहाटे धुकं पुन्हा आलं होतं. या वेळी थांबलं नाही, सरळ आत आलं, घरच्यासारखं. मी त्याला विचारलं, "बोलवू ना पुढच्या वर्षी?" ते चुलीपाशी बसून राहिलं.

बोलवा, असंच मी सांगितलं आहे. केसरबाई मला भाबडी म्हणतात आणि हसतात, कारण सांगत नाहीत. मला एवढंच कळतं की देवाने त्या मुलांच्या पोटाला दूध सोसू दिलं नाही, केवढी त्याची योजना. पुई आली तर तिच्यासाठी कोराच ठेवीन, गूळ जास्त घालून.

तरी एक कप दुधाचाही करून ठेवीन. पहिल्या दिवशी संकोचाने का होईना, साय मात्र तिने बोटाने पुसून चाटली होती.